‘हातपाय मोडले तरी तक्रार नाही’ असा स्टॅम्प असताना गुन्हा कसा दाखल झाला?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका मामांनी प्रश्न विचारला आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांच्या डावावरून त्यांचा भाचा (वय २३) आणि गावातलाच एक पोरगा (वय २४) यांच्यात वाद झाला. एकदाचा फैसला करून टाकू, असं दोघांनी ठरवलं. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, दोन मित्रांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी कपाशी उपटलेल्या रिकाम्या शेतात दोघे भिडले. काठी नाही, दगड नाही, नुसते हात. समोरच्याचा जबडा मोडला, दोन दात गेले. भाच्याचं एक बोट मोडलं. ‘तो पडल्यावर भाच्याच्या एक-दोन लाथा बसल्या,’ हेही मामांनी न लपवता लिहिलं आहे. त्या पोराच्या वडिलांनी फिर्याद दिली आणि भाच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७(२) खाली, म्हणजे जबर दुखापत केल्याचा, गुन्हा नोंदवला गेला. मामा विचारतात: दोघांच्या राजीखुशीने झालेल्या गोष्टीत गुन्हा कसा? साक्षीदारांचं काय होईल? मिटवता येईल का? आणि मग आमच्या यात्रेत कुस्त्या होतात, बारागाड्या ओढतात, तिथे कुणाचं हाड मोडलं तर त्यातही गुन्हा लागणार का?

मामा, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. कुस्ती कळली की बाकीचं आपोआप उलगडतं.

फडात दोन पहिलवान उतरतात. एकाने ढाक मारली, दुसरा खांद्यावर पडला आणि खांदा निखळला. सांधा निखळणं ही कायद्याच्या भाषेत ‘जबर दुखापत’ आहे. तरीही त्या पहिलवानावर गुन्हा होत नाही. याचं उत्तर १८६० च्या भारतीय दंड संहितेतच लिहून ठेवलं होतं, कलम ८७ मध्ये. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम आता २५ व्या क्रमांकावर आलं आहे. त्याचा साध्या मराठीत अर्थ असा: ज्या कृत्यामागे जीव घेण्याचा किंवा जबर दुखापत करण्याचा इरादा नाही, आणि तसं घडण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला माहीतही नाही, असं कृत्य १८ वर्षांवरच्या माणसाने ती इजा सोसायला किंवा त्या इजेचा धोका पत्करायला संमती दिली असेल तर गुन्हा ठरत नाही. ही संमती शब्दांतच द्यावी लागते असंही नाही. लंगोट लावून फडात उतरणं, पंचासमोर हात मिळवणं, ही संमतीच झाली. कलमाखाली दिलेलं उदाहरणही खेळाचंच आहे: दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात. त्यात लबाडी न करता खेळताना जी इजा होईल ती सोसण्याची तयारी त्या ठरवण्यात आलीच, असं कायदा म्हणतो.

‘लबाडी न करता’ हे शब्द मी माझ्या ज्युनिअर वकील मुलांना दोनदा वाचायला लावतो. धोबीपछाड, कलाजंग, घिस्सा यांना पहिलवानाची संमती असते. डोळ्यात बोट घालणं, बोट उलटं पिरगळणं, पंचाने शिट्टी दिल्यावरही गळा आवळून धरणं याला त्याची संमती कधीच नव्हती. म्हणजे एकाच कुस्तीत पहिल्या पाच मिनिटांचा गुन्हा होत नाही आणि सहाव्या मिनिटाचा होऊ शकतो. भाच्याच्या प्रकरणातही हाच मुद्दा येणार आहे.

वयाचंही बघा. कलम २५ फक्त १८ वर्षांवरच्यांना लागू आहे. यात्रेत तर आठवी-नववीतली पोरं लढतात. त्यांच्यासाठी कलम २६ आहे: ज्याच्यावर कृत्य करायचं त्याच्या हितासाठी, सद्भावनेने आणि त्याच्या संमतीने केलेलं, जीव घेण्याचा इरादा नसलेलं कृत्य. १२ वर्षांच्या आतलं मूल संमती देऊच शकत नाही. त्याच्यासाठी कलम २७ प्रमाणे पालकाची संमती आणि मुलाचं हित, दोन्ही लागतात. तालमीत वस्ताद शिकवतो, व्यायाम होतो, हे हितच आहे. पण संहिता स्पष्ट सांगते की निव्वळ पैशाचा लाभ म्हणजे या कलमांपुरतं ‘हित’ नाही. पंधरा वर्षांच्या पोराला त्याच्या दुप्पट वजनाच्या गड्यासमोर केवळ इनामाच्या रकमेसाठी उभं करणाऱ्या यात्रा कमिटीने हे वाक्य नीट ध्यानात ठेवावं. जोड वजनाची, वयाची लावणं, पंच जाणकार असणं, फडाची माती उकरून मऊ केलेली असणं, या गोष्टी उद्या काही झालं तर कोर्टात सद्भावनेचा पुरावा म्हणून उभ्या राहतात. कायद्यात सद्भावना म्हणजे नुसतं चांगलं मन नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष दिलं नसेल तर ती सद्भावना धरली जात नाही.

बारागाड्यांचं, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या बारा गाड्या ओढण्याचं, थोडं वेगळं आहे. भगत आणि त्याचे बगले (बाजूचे साथीदार) स्वखुशीने गाड्या ओढतात, गाड्यांवर बसणारेही स्वखुशीने बसतात. त्यांनी धोका पत्करला असं म्हणता येईल. पण रस्त्याच्या कडेला आजीचं बोट धरून उभ्या असलेल्या लेकराने कसलीच संमती दिलेली नाही. गाड्यांवर माणसं कोंबली, कडेला दोर बांधला नाही, उतारावर गाड्या आवरायची सोय केली नाही आणि चाक कुणाच्या पायावरून गेलं, तर आयोजकांवर कलम १२५ लागू शकतं. हे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या हयगयीच्या कृत्याचं कलम आहे. साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत, जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद. देवाचं काम होतं, हा त्यावर बचाव नाही. परंपरा थांबवा असं मी म्हणत नाही. मी स्वतः लहानपणापासून बारागाड्या बघत आलो आहे. दोर बांधा, एवढंच.

आता तुमच्या भाच्याकडे येतो.

तुम्ही स्टॅम्पचा फोटो पाठवलात. तो मी दोनदा वाचला. त्यातलं मुख्य वाक्य असं आहे: ‘आम्ही उभयता राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, नशापाणी न करता लिहून देतो की, सदर लढतीत हातपाय मोडले, दात पडले अगर जिवाचे काही बरेवाईट झाले तरी एकमेकांविरुद्ध पोलिसात अगर कोर्टात तक्रार करणार नाही.’

ज्याने हे लिहून दिलं त्याने सौदापावती किंवा बटाईचा करारनामा समोर ठेवून भाषा उचलली असावी. शब्द वजनदार आहेत. पण ढाल म्हणून तयार केलेला हा कागद सरकारी वकिलाच्या हातात गेला की भाच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होतो.

कारण असं. कलम २५ ची पहिली अट कोणती? जबर दुखापतीचा इरादा नसावा आणि तशा संभवाची जाणीवही नसावी. आणि इथे लढतीच्या आधीच, स्वतःच्या सहीने, भाच्याने लिहून ठेवलं आहे की हातपाय मोडतील, दात पडतील, जीवही जाईल, हे मला माहीत आहे. म्हणजे ज्या जाणिवेमुळे संमतीचा बचाव संपतो, ती जाणीव त्याने पाचशे रुपये खर्चून कबूल केली. कागदावर काहीच लिहिलं नसतं तर त्याची बाजू आजच्यापेक्षा भक्कम असती.

कागदाच्या दुसऱ्या अर्ध्याचं, ‘तक्रार करणार नाही’ याचं, मोल त्याहून कमी. फौजदारी खटला फिर्यादीच्या नावाने चालत नाही, तो ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असा चालतो. कुणाचा जबडा मोडला की ती फक्त त्याची खासगी बाब राहत नाही. कलम ११७(२) दखलपात्र आहे. पोलिसांना माहिती मिळाली की त्यांनी गुन्हा नोंदवायचाच असतो, मग ती माहिती वडिलांनी दिलेली असो की डॉक्टरांनी. बेकायदेशीर उद्देशाचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २३. नोटरीचा शिक्का मारला तरी त्यात फरक पडत नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल की सगळं संपलं. तसं नाही, आणि इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण नवे वकीलही इथे चुकतात. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं, म्हणजे जबर दुखापत झाली, म्हणजे संमती बाद, असं ते धरून चालतात. कलम २५ घडलेल्या इजेकडे बघत नाही. ते करणाऱ्याच्या मनाकडे बघतं. ११७ सुद्धा तसंच आहे. हाड मोडलं एवढ्याने ११७ पुरं होत नाही. हाड मोडण्यासारखी इजा करायची होती किंवा तशी इजा होण्याचा संभव त्याला माहीत होता, हेही सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. एकाने दुसऱ्याच्या कानशिलात लगावली, तो पाय घसरून ओट्यावर पडला आणि त्याचा दात तुटला, तर दात तुटणं ही जबर दुखापत असली तरी मारणाऱ्याच्या डोक्यात फक्त साधी दुखापत होती. असा गुन्हा ११५(२) वर उतरतो, ज्यात जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ११७(२) ला सात वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. हा फरक लहान नाही.

मग भाच्याच्या मनात काय होतं, हे कोर्ट कशावरून ठरवणार? मन कुणी उघडून बघत नाही. बाहेरच्या गोष्टींवरून अंदाज बांधतात. हत्यार होतं का? नव्हतं, हे चांगलं. दोघांची अंगकाठी सारखी होती का? ठोसे कुठे मारले, छातीवर-दंडावर की तोंडावर? हातात कडं किंवा जाड अंगठी होती का? किती वेळ चाललं? मध्ये कुणी सोडवायला गेलं का? स्टॅम्पवरच्या भाषेबद्दल आपल्याला म्हणता येईल की ती छापील वळणाची आहे, पोरांनी नीट न वाचता सही केली, खरी समजूत ‘दोन-चार ठोसे आणि मोकळे’ एवढीच होती. उलटतपासात साक्षीदारांच्या तोंडून हे आलं तर वजन पडतं. अपवादाचा बचाव शाबीत करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, २०२३ च्या साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पण सरकार पक्षाला जसं निःसंशय सिद्ध करावं लागतं तसं आरोपीला लागत नाही. त्याचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनही काढता येतं.

आणि आता त्या लाथा. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या एका ओळीत आहेत. खटला बहुतेक त्या ओळीवरच फिरणार.

समोरचा खाली पडला. त्या क्षणी काय झालं ते भाच्याला शांतपणे, एकट्याला बसवून विचारा. तो काही बोलला का? आपल्याकडे अशा वेळी तोंडातून निघतं, ‘बस व्हयनं रे भो’ (बस झालं रे भाऊ). हे तीन-चार शब्द निघाले असतील तर संमती तिथेच संपली. आधी दिलेली संमती शेवटपर्यंत बांधून ठेवत नाही, माणूस ती केव्हाही मागे घेऊ शकतो. त्यानंतरची प्रत्येक लाथ ही सरळ सरळ विनासंमती मारहाण. आणि तो काही बोलला नसेल, बोलण्याच्या स्थितीतच नसेल, तरी जमिनीवर पडलेल्या माणसाच्या तोंडावर बुटाने मारलेली लाथ हा ‘हातांच्या लढतीचा’ भाग नव्हता. फडातल्या शिट्टीनंतरचा गळा आवळणं आठवा. जबडा ठोशाने मोडला की लाथेने, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. त्याचं उत्तर इंज्युरी सर्टिफिकेटमध्ये, फ्रॅक्चरच्या जागेत आणि त्वचेवरच्या खुणांत शोधावं लागतं. डॉक्टरांचा उलटतपास या एका मुद्द्यावर मी तासभर घेतलेला आहे.

आमच्याकडे खटले चालवताना बाहेरच्या देशांचे निकाल क्वचितच लागतात, पण एक निकाल तुमच्या गोष्टीच्या इतका जवळ आहे की सांगावासा वाटतो. कॅनडात एका हॉटेलबाहेर दोघे जण असेच राजीखुशीने हातघाईवर आले. एक बेशुद्ध पडला, दुसरा मारत राहिला आणि पडलेला मेला. १९९१ मध्ये, जोबिडन प्रकरणात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सज्ञान माणसांच्या हातघाईत गंभीर इजा करण्याचा इरादा असेल आणि तशी इजा झाली असेल, तर संमती बचाव म्हणून चालणार नाही. त्यांना हे निकालातून घडवावं लागलं. आपल्या संहितेत ती रेघ आधीच आखलेली आहे. तुमच्या भाच्याच्या सुदैवाने समोरचा पोरगा जिवंत आहे.

स्वसंरक्षणाचा मुद्दा काढू नका. ठरवून, जागा-वेळ नेमून दोघे भिडायला गेले की तिथे कुणालाही स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. भाच्याच्या मोडलेल्या बोटावरून उलट फिर्याद द्यायचा सल्ला तुम्हाला गावात कुणीतरी दिलाच असेल. घाई करू नका. स्वतःच्या खटल्यात ‘सगळं संमतीने होतं’ म्हणायचं आणि शेजारच्या खटल्यात ‘त्याने माझं बोट मोडलं’ म्हणायचं, हे एकाच न्यायाधीशासमोर जुळवणं कठीण जातं. अशा परस्परविरोधी फिर्यादी, म्हणजे क्रॉस केस, असल्या की त्या एकाच कोर्टात चालवण्याचा प्रघात आहे.

एक गोष्ट बरी झाली की हे शेतात झालं. चौकात, बसस्टँडवर झालं असतं तर कलम १९४ आलं असतं: सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करणं. तिथे संमती कामाचीच नाही. जे कृत्य इजेशिवायही स्वतंत्रपणे गुन्हा आहे, त्याला संमतीचं पांघरूण घालता येत नाही, असं कलम २९ सांगतं. पोलीस दोघांवरही नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १२६ ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, मात्र करतील. नोटीस आली तर घाबरू नका. शांतता राखण्याचं बंधपत्र द्यावं लागेल.

साक्षीदार म्हणून सह्या करणाऱ्या दोन मित्रांची मला जास्त काळजी वाटते. नुसतं हजर असणं हा गुन्हा नाही. पण कागद तयार करायला पैसे देणं, जागा ठरवणं, ‘सोडू नको त्याला’ म्हणून ओरडणं याला अपप्रेरणा म्हणतात आणि तिची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच होऊ शकते (कलम ४५ आणि ४९). स्टॅम्पवर त्यांच्या सह्या आहेत, म्हणजे काय होणार आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पोलीस त्यांना आरोपी करतील किंवा सरकारी साक्षीदार करतील. त्यांनी आपला वेगळा वकील लावावा, भाच्याचा नको. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर तो डिलीट करायला सांगू नका. आणि स्टॅम्पची मूळ प्रत चुलीत घालू नका. पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा, आणि त्याला कुणाचीच संमती चालत नाही. कागद तुमच्या वकिलाकडे द्या. तो कधी आणि कसा वापरायचा हे त्याला ठरवू द्या.

तुमच्या पत्रात ‘राजीखुशीने’ हा शब्द पाच वेळा आला आहे. माझ्या कामात हा शब्द मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कागदावर भेटतो, आणि दर वेळी मी विचारतो, कुणाची राजीखुशी, आणि कशासाठी? सातपुड्याच्या पायथ्याला आजही तान्ह्या बाळाचं पोट फुगलं तर तापलेल्या सळईने पोटावर डाग देतात. आईबाप स्वतः बाळाला घेऊन जातात, रडत रडत धरून बसतात. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण डाग देणाऱ्याला पालकांच्या संमतीआड लपता येत नाही, कारण कलम २७ ची सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी, आणि फुगलेल्या पोटावर सळई ठेवण्यात काळजी कसली? १८८७ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात असाच प्रश्न आला होता. एका कविराजाने (बंगालातल्या वैद्याने) साध्या सुरीने मूळव्याध कापली, रोगी रक्तस्रावाने मेला. त्याने याआधी अशा मूळव्याधी कापलेल्या होत्या आणि रोग्याची संमतीही होती. न्यायालयाने म्हटलं, शस्त्रक्रियेचं शिक्षण नसताना केलेल्या या कापाकापीत सद्भावना नाही. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, एका गारुड्याने ‘तुला काही होणार नाही’ असा विश्वास देऊन माणसाला विषारी साप चावून घेतला. तीही संमतीच होती, पण चुकीच्या समजुतीवर उभी. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नाही, हे आजच्या कलम २८ चं म्हणणं, अट एवढीच की कृत्य करणाऱ्याला ते माहीत असावं किंवा तसं मानायला त्याला कारण असावं. गावाने डाकीण ठरवलेली बाई भगतापुढे ‘मी परीक्षा द्यायला तयार आहे’ म्हणते, तेव्हा तिच्या मागे अख्खं गाव काठ्या घेऊन उभं असतं. त्या ‘तयार आहे’ला कायद्याच्या लेखी किंमत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत काढण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, चटके देणं याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसऱ्या टोकाला दवाखान्यातला फॉर्म. शल्यचिकित्सक पोट फाडतो, ती जबर दुखापतच, पण रोग्याच्या हितासाठी, शिकलेल्या हातांनी, संमतीने. म्हणून कलम २६ त्याला संरक्षण देतं. तिथेही संमती नेमकी असावी लागते. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीपुरती संमती दिलेल्या सज्ञान स्त्रीचं गर्भाशय, ती भुलीखाली असताना, आईची संमती घेऊन काढता येत नाही. तो ग्राहक न्यायालयातून आलेला भरपाईचा वाद होता, फौजदारी खटला नव्हता. पण त्यातलं तत्त्व तुमच्याही कामाचं आहे: ज्याचं शरीर, त्याचीच संमती, आणि ज्या गोष्टीला दिली तेवढीच.

हेच तत्त्व मिटवामिटवीलाही लागू होतं. फिर्याद वडिलांनी दिली असली तरी गुन्हा मिटवण्याचा हक्क जखमी पोराचा आहे. तो २४ वर्षांचा आहे, वडिलांनी होकार देऊन चालणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे ११५(२) जखमी व्यक्तीला कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवता येतो. ११७(२) ला कोर्टाची परवानगी लागते. दोघांनी हजर राहून पुरसीस (कोर्टाला लेखी निवेदन) द्यायची, न्यायाधीश जखमीला विचारतात की हे दबावाखाली तर नाही ना, आणि परवानगी मिळाली तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा होतो. लोकअदालतीतही हे होतं. गावची तंटामुक्ती समिती दोन्ही घरांना एका ओट्यावर बसवू शकते आणि तिने तसं करावं. पण गुन्हा दाखल झाल्यावर समितीच्या ठरावाने खटला बंद होत नाही. तपासात दगड किंवा सळई निघाली आणि ११८(२), म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत करण्याचं कलम, लागलं, तर हा मार्ग बंद होतो. मग खटला रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं, कलम ५२८ खाली. तो खर्च आणि वेळ वेगळा.

११७(२) जामीनपात्र आहे. ठाण्यात बोलावलं तर भाच्याने जावं, जामीनदार बरोबर न्यावा, पळापळ करू नये.

मिटवायची बोलणी मात्र वकिलांपासून सुरू करू नका. जबडा मोडलेल्या माणसाचे दात तारेने बांधून ठेवतात. कित्येक आठवडे तो नळीने पेज आणि दूध पितो. कळण्याची भाकरी समोर असते आणि तोंड उघडत नाही. तुम्ही आणि भाच्याची आई, दोघं जा. भाच्याला पहिल्यांदा नेऊ नका. दवाखान्याचं बिल विचारा, तारा काढायचा आणि नवे दात बसवायचा खर्च किती येणार ते विचारा, आणि देता येईल ते तिथेच कबूल करा. खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, कोर्टाची परवानगी मागताना त्या दाखवता येतात. त्या घरी जाताना कुठलाही कागद सहीसाठी बरोबर नेऊ नका.